डाव्या क्रँकचा पॉवर मीटर, ट्रेनरशी १८ वॅटचा फरक आणि ३.५ वॅट प्रति किलोचं गणित

उतरणीला_ब्रेक

नमस्कार मंडळी. सगळी माहिती एकदाच देतो, म्हणजे मागाहून विचारत बसायला नको.

वय ३९, उंची १७४ सेंमी, वजन ७८ किलो. शिमानो १०५, ११ स्पीड, १७० मिमी क्रँक (पेडलचा दांडा), पुढे ५०/३४ दात, मागे ११-२८. पॉवर मीटर (पेडलिंगचे वॅट मोजणारा) फक्त डाव्या क्रँकवर, बटण सेलवर चालणारा. घरी डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (मागचं चाक काढून सायकल ज्यावर बसवतात तो, वॅट तोही मोजतो). क्रँकच्या आकड्यांवर रॅम्प टेस्ट (पाय थांबेपर्यंत दर मिनिटाला वॅट वाढवत जायची चाचणी) केली, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे वॅट) २२८ आला, म्हणजे २.९ वॅट प्रति किलो. आठवड्याला सात-आठ तास मिळतात, त्यातले दोन दिवस घरातच. शाकाहारी आहे, अंडी चालतात.

प्रश्न असे:

१. क्रँक २३० दाखवतो तेव्हा ट्रेनर २१२ दाखवतो. खरं कोणाचं मानायचं?

२. ३.५ पर्यंत जायचंय. वजन ७० वर आणलं तर २२८ भागिले ७० म्हणजे ३.२६. निम्म्याहून जास्त काम जेवणाच्या ताटातच उरकतंय असं दिसतं. हा हिशोब बरोबर आहे का?

३. सिंहगडाच्या चढावर याचा नेमका किती फरक पडेल?

टॉर्क_रेंच

फक्त पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो सुटल्याशिवाय पुढच्या दोन्हींना अर्थ नाही.

दोन्ही आकडे एकाच जागी मोजलेले नाहीत. क्रँक चेनच्या आधी मोजतो, ट्रेनर चेन आणि कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) नंतर. स्वच्छ, तेल घातलेल्या चेनमध्येही २ ते ३ टक्के जातात. २३० वर ते पाच-सहा वॅट झाले. एवढा फरक असायलाच हवा. उरले बारा, आणि ते तीनपैकी एका किंवा अधिक ठिकाणांहून येतात.

पहिलं ठिकाण म्हणजे डावीची दुप्पट. तुमचा मीटर उजवा पाय बघतच नाही, डाव्याचा आकडा दोनाने गुणतो. डावा पाय ५३ टक्के काम करत असेल तर मीटर खऱ्यापेक्षा ६ टक्के जास्त दाखवणार. पंचाईत अशी की हा असमतोल कायम एकसारखा राहत नाही. बऱ्याच लोकांचा हलक्या पेडलिंगला जास्त असतो आणि जोर लावला की कमी होतो, काहींचा थकल्यावर उलट्या बाजूला जातो. म्हणून एक ठरावीक टक्केवारी कापून काम भागत नाही.

दुसरं ठिकाण झिरो ऑफसेट, म्हणजे जोर नसताना मीटर जो शून्य धरतो तो. माझा संशय इथेच आहे. वॅट म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९० असेल तर कोनीय वेग ९.४२ रेडियन प्रति सेकंद. मीटरचा शून्य फक्त १ न्यूटन-मीटरने सरकलेला असेल तर ९.४ वॅट चुकतात, आणि डावीची दुप्पट होत असल्यामुळे जवळजवळ १९. म्हणजे तुमचा अख्खा फरक एवढ्याशा सरकण्यातून येऊ शकतो.

तिसरं ठिकाण ट्रेनर स्वतः. ज्याला स्पिनडाउन (वेग देऊन, मग पेडल थांबवून ट्रेनर जुळवणं) लागतो त्याचा स्पिनडाउन दहा मिनिटं चालवून गरम झाल्यावरच करायचा. थंड ट्रेनरवर केलेला निरुपयोगी.

आता यातलं नेमकं कोणतं, हे शोधायची रीत. क्रँक एका उपकरणावर रेकॉर्ड करा, ट्रेनर दुसऱ्यावर. एकाच ॲपला दोन्ही जोडू नका. काही ॲप ट्रेनरचा आकडा मीटरशी जुळवून घेतात आणि मग तुलनाच उरत नाही. ट्रेनरवर २०० वॅट लावून पाच मिनिटं ६५ केडन्सने, मग पाच मिनिटं १०० ने चालवा. प्रत्येकातलं पहिलं अर्धं मिनिट सोडून सरासरी काढा. केडन्स वाढल्यावर फरक वाढला (उदाहरणार्थ ६५ ला १४ आणि १०० ला २१), तर शून्य सरकलाय. केडन्सने काही बदललं नाही पण १५० वर १२ आणि २५० वर २० असा वॅटच्या प्रमाणात वाढला, तर असमतोल किंवा मीटरचा उतार, म्हणजे स्लोप (जोराचा आकडा करणारं प्रमाण).

शून्य करताना: सायकल जिथे चालवणार त्याच हवेत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग क्लीट (बुटाचा पेडलमध्ये अडकणारा भाग) पेडलमधून काढून, पाय जमिनीवर, डावा क्रँक सरळ खाली. पाय पेडलमध्ये अडकवून ट्रेनरवर बसल्या बसल्या शून्य करणारे भरपूर लोक आहेत, आणि मग मीटर पायाच्या वजनालाच शून्य समजतो. सायकल संगणकावर ‘कॅलिब्रेट’ लिहिलेलं असतं, पण ते बटण फक्त शून्य लावतं, स्लोप तपासत नाही. येणारा आकडा टिपून ठेवा. रोज थोडा हलणारच, पण अचानक उडी मारली तर काहीतरी सैल आहे किंवा सेल मरतोय.

स्लोप तपासायचा असेल आणि तुमचं ॲप टॉर्क दाखवत असेल तर: नीट मोजलेलं २० किलो वजन (जिमच्या प्लेटवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजा) दोरीने डाव्या पेडलच्या आसाला टांगा. मागचा ब्रेक पट्ट्याने आवळा, क्रँक पुढच्या बाजूला आडवा. २० × ९.८१ × ०.१७० म्हणजे ३३.३५ न्यूटन-मीटर यायला हवेत. आडव्या रिकाम्या क्रँकवर पेडलच्या स्वतःच्या वजनाचे पाव-एक न्यूटन-मीटर दिसतात, ते वजा करा. क्रँक पाच अंशांनी तिरका राहिला तरी चूक अर्ध्या टक्क्याच्या आत, तेव्हा फोनमधली स्पिरिट लेव्हल पुरते.

या सगळ्याच्या आधी डाव्या क्रँकचे दोन बोल्ट बघा. १२ ते १४ न्यूटन-मीटर, आळीपाळीने थोडेथोडे, आणि ते सैल असतानाच प्लास्टिकची टोपी हाताने बसेल एवढीच (०.७ ते १.५). एक बोल्ट १४ आणि दुसरा ८ अशा क्रँकवर मीटरचा आकडा रोज वेगळा येतो, आणि दोष मात्र सेलला दिला जातो.

ठोके_१४८

एवढ्या भानगडीत न पडता एक उपाय सांगू का? एकच घाट, बिनवाऱ्याची पहाट, घड्याळ. ताशी किती मीटर उंची चढलात ते काढा. ६०० मीटर ४५ मिनिटांत म्हणजे ताशी ८००. त्याला (२०० अधिक १० गुणिले चढाची टक्केवारी) ने भागा. ७ टक्क्यांच्या चढाला ८०० भागिले २७० = २.९६ वॅट प्रति किलो. डोपिंगमुळे बदनाम झालेल्या इटलीच्या डॉक्टर मिकेले फेरारीचं सूत्र आहे हे. माणसाची कीर्ती काही असो, सूत्र चालतं. मीटर नसलेल्याने तेवढ्यावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर वर्षभर नीट सराव करावा.

पसरणी_टॉप

ठोके, सूत्र ठीक आहे, पण ते सरासरी वजनाचा चालवणारा आणि सरासरी सायकल धरतं. ५२ किलोच्या माणसाला ते उगाच कमी लेखतं, कारण सायकलचं वजन त्याच्या वाट्याला प्रमाणाबाहेर येतं. चढ ५ टक्क्यांच्या खाली गेला की वाऱ्याचा हिस्सा वाढतो आणि उत्तर भरकटतं. आणि इंटरव्हलमध्ये ठोके दीड-दोन मिनिटं मागे राहतात. चार मिनिटांच्या जोरात पहिली दोन मिनिटं तुम्ही काय करताय ते ठोक्यांवरून कळतच नाही.

उतरणीला_ब्रेक, तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकत्रच देतो. मीटरची भानगड मिटेपर्यंत खरा एफटीपी २१५ धरू. सिंहगडाचा हिशोब ६०० मीटर उंची, ७ टक्के सरासरी असा धरतो. तुमच्या संगणकात जो आकडा येत असेल तो घाला. तुम्ही ७८, सायकल ९, पाणी-बूट-कपडे-हेल्मेट ३. एकूण ९० किलो. चेनमध्ये ३ टक्के गेले, रोलिंगचा (टायरच्या घर्षणाचा) गुणांक ०.००५, वारा नाही.

२१५ वॅटला वेग साधारण ताशी ११ किमी, वेळ ४६ मिनिटं ५० सेकंद.

आता सहा किलो कमी करा, वॅट तेवढेच. २१५ भागिले ७२, म्हणजे २.९९. वेळ ४३:५५ च्या आसपास.

त्याऐवजी वजन ७८ च ठेवून २० वॅट वाढवा. २३५ भागिले ७८, म्हणजे ३.०१. वेळ ४३ मिनिटं.

गुणोत्तर दोन्हीकडे तेच, पण वॅटवाला जवळजवळ मिनिटभर आधी वर. कारण गुणोत्तरात फक्त तुमचं वजन आहे आणि चढावर मात्र सायकल, बाटल्या, पंक्चरचं सामान सगळंच न्यावं लागतं, ते काही कमी झालेलं नाही. शिवाय ते २० वॅट खडकवासल्याच्या सपाट रस्त्यावर समोरच्या वाऱ्यातही कामाला येतात. कमी केलेले सहा किलो तिथे जवळपास काहीच देत नाहीत. (जाता जाता: ७५० मिलीची दुसरी भरलेली बाटली या चढाला वीसेक सेकंद घेते. पायथ्याला अर्धी करा, वर पाणी मिळतं.)

७८ वर ३.५ म्हणजे २७३ वॅट. ७२ वर २५२. दुसरा आकडा तुमच्या वेळात बसण्यासारखा आहे, एका हंगामात मात्र नाही. २५२ वॅट आणि ७२ किलोला हाच चढ ३८ मिनिटांचा होतो.

७० किलो आणि तेच वॅट, हे कागदावरचं झालं. आठ किलो घाईने उतरवणाऱ्याचे वॅट जागेवर राहत नाहीत. याबद्दल खाली कोणीतरी लिहीलच.

चाचणीबद्दल. रॅम्प टेस्ट शेवटच्या मिनिटाच्या ७५ टक्के धरते. ज्याची छोट्या जोराची ताकद चांगली आहे त्याला ती फुगवून देते. २० मिनिटांच्या टेस्टला ०.९५ ने गुणतात, पण मूळ पद्धतीत त्या २० मिनिटांच्या आधी पाच मिनिटं जीव तोडून चालवायचं असतं, म्हणजे वरची ताकद संपलेली असते. ते पाच गाळून थेट २० केले आणि तरी ०.९५ लावलं की पुन्हा फुगलेला आकडा. मला विचाराल तर न थांबणारा लांब चढ घ्या, वाई ते पाचगणीचा पसरणी घाट उत्तम, आणि ३५-४० मिनिटं सलग चालवा. त्या सरासरीच्या दोन-तीन वॅट इकडेतिकडे तुमचा एफटीपी. सिंहगडावर करायचं तर उजाडताच निघा, रविवारी नऊनंतर गाड्यांच्या रांगेत टेस्ट होत नाही, आणि पावसाळ्यात दरड पडून रस्ता बंद असतो तेव्हा विचारून जा.

टेस्टमध्ये हमखास बिघडतं ते पहिल्या तीन मिनिटांत. पाय ताजे असतात, २१५ च्या ठिकाणी २४५ दिसत असतात आणि हलकं वाटत असतं. पंधराव्या मिनिटाला त्याची वसुली होते. पडद्यावर ३ सेकंदांची सरासरी आणि शेजारी लॅपची सरासरी ठेवा. पहिली पाच मिनिटं लॅपची सरासरी ठरवलेल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही, बस्स.

आणि संगणकात पॉवरची सरासरी ‘शून्यासह’ ठेवा, केडन्सची शून्याशिवाय. उलटी असेल तर घाटातल्या वळणावर पेडल थांबवलेला प्रत्येक सेकंद तुमची सरासरी खोटी वाढवतो.

पसरणी_टॉप

सरावाचं वेगळं लिहितो, वरचं लांबलं.

सात तासांत कठीण दिवस दोनच, तिसरा नाही. मंगळवार आणि गुरुवार तुम्ही घरात असाल असं धरतो.

मंगळवारी वरची पट्टी: ५ वेळा ४ मिनिटं, एफटीपीच्या १०८ ते ११५ टक्क्यांवर, म्हणजे २३२ ते २४७ वॅट, मध्ये ४ मिनिटं हलकं. ट्रेनरचा ईआरजी मोड (ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतः राखतो तो) बंद ठेवून करा. कारण ईआरजीमध्ये दमल्यावर केडन्स पडतो, ट्रेनर वॅट राखायला अवरोध वाढवतो, केडन्स आणखी पडतो, आणि पन्नासवर पाय अडकतो. त्यात अडकलात तर पेडल सोडा, अवरोध उतरू द्या, हलक्या गिअरवर ९० पकडून परत जा. चार-पाच आठवड्यांनी याऐवजी नॉर्वेच्या रॉनस्टॅडची ३०/१५: ३० सेकंद जोर, १५ सेकंद हलकं, असे १३ झाले की एक संच, तीन संच, मध्ये ३ मिनिटं. ही मात्र ट्रेनरला बदलायला वेळ लागतो म्हणून हाताने गिअर बदलूनच.

गुरुवारी एफटीपीच्या ९५ ते १०० टक्के, २०४ ते २१५ वॅट. सुरुवात ३ × १० मिनिटं, मग ३ × १२, मग २ × २०, मग ३ × १५. वॅट तेच ठेवून वेळ वाढवायची. लोक उलट करतात, दर आठवड्याला पाच वॅट चढवतात आणि चौथ्या आठवड्यात २० मिनिटांचं १२ वर सोडून देतात.

शनिवारी तीन तास, १३५ ते १५० वॅट, मध्ये घाटावर एकदा-दोनदा २० मिनिटं १९० ते २००. रविवारी दीड तास, सगळा १३५-१५०. हा हलका भागच बिघडतो. ग्रुपबरोबर गेलात की कात्रजला कोणीतरी पुढे सटकतो, आणि तीन तासांचं हलकं चालवणं १७५-१८० च्या खिचडीत संपतं. इतकं कठीण नाही की वरची ताकद वाढावी, इतकं हलकं नाही की मंगळवारी पाय परत यावेत. शनिवारी ग्रुपला जायचंच असेल तर गुरुवारचा दिवस गाळा.

तीन आठवडे असं, चौथ्यात तास ४० टक्क्यांनी कमी, पण एक छोटा कठीण दिवस ठेवायचा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टेस्ट, त्याआधी नाही.

घरात पंखा. छताचा पंखा धरू नका. एक उभा पंखा छातीवर, दुसरा असेल तर पाठीवर. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत २ × २० च्या दुसऱ्या वीसला ठोके दहा-बाराने वर असतात आणि वॅट तेच. ते फिटनेस गेल्याचं लक्षण नाही, उष्णतेचं आहे. अशा दिवशी ३ टक्के कमी करा आणि पूर्ण करा.

गिअर बदला, हे राहिलं होतं. ३४/२८ वर ७ टक्क्यांना ७२ केडन्स मिळतो, ठीक. पण सिंहगडाच्या तीव्र वळणांवर चढ १० टक्के झाला की तुमचा वेग ताशी ८ वर येतो आणि केडन्स ५३. तिथे एफटीपी धरून बसणं म्हणजे गुडघे झिजवणं. मागे ११-३४ लावलं तर तिथेच ६४. तुमचं १०५ आर७००० मालिकेचं असेल तर मागचा डिरेलर (चेन गिअरवर सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा, जीएस, लागतो. छोटा एसएस ३० दातांपर्यंतच. चेनही नव्याने मोजून घ्या, जुनी आखूड पडली तर पुढचं आणि मागचं दोन्ही मोठी चक्रं लागलेल्या गिअरला डिरेलर उपटला जाईल.

डबा_आणि_वॅट

दादा, ७० चं डोक्यातून काढा. आधी ७४ बघा, तिथे वॅट टिकले तर ७२.

रोज ३०० कॅलरी कमी, याहून जास्त नाही. आठवड्याला २१०० होतात, म्हणजे पाव किलोच्या थोडं वर. सहा किलोला पाचेक महिने लागतील. हेच महिन्याला तीन किलोने करायला गेलात तर सरावाचा मंगळवार पहिला जातो. झोप तुटते, ठोके वर चढायचं नाव घेत नाहीत, चिडचिड, आणि टेस्टला वजनाबरोबर वॅटही खाली. बायकांमध्ये पाळी लांबणं किंवा बंद होणं ही यातली सगळ्यात स्पष्ट खूण. तिथे डाएट थांबवून डॉक्टरांकडे जायचं, ‘सराव लागू पडतोय’ म्हणून खूश व्हायचं नाही.

पॉवर मीटरचा इथे खरा फायदा आहे. सायकल संगणक जे किलोज्यूल दाखवतो ते जवळजवळ तेवढ्याच किलोकॅलरी धरा. शरीर २०-२५ टक्केच ऊर्जा पेडलपर्यंत पोचवतं आणि एक कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल, दोन्ही एकमेकांना खातात. १५० वॅटने तीन तास म्हणजे १६२० किलोज्यूल, सोळाशे कॅलरी. घड्याळ ठोक्यांवरून २४०० सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवून मिसळ मागवू नका. (आणि मीटरच १७ वॅट जास्त दाखवत असेल तर इथेही तीन तासांना १८० कॅलरीची थाप बसते.)

तूट सायकलवर असताना करायची नाही. रात्रीच्या जेवणात एक भाकरी आणि चमचाभर तेल कमी, सायकलवर मात्र पोटभर. कठीण दिवशी आणि दीड तासाच्या वर तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं, सवय झाली की ८०. सर्वात स्वस्त पेय: ७५० मिली पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. साधारण ८ टक्के द्रावण होतं, सोडियम ६०० मिलीग्रॅमच्या आसपास. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं, त्यामुळे पोटाला चालतं. खायचं असेल तर मध्यम केळ्यात २५ ग्रॅम, गुळाच्या २० ग्रॅमच्या खड्यात १९. शेंगदाण्याची चिक्की निघायच्या वेळी नको, स्निग्ध पदार्थ घाटात पोटात बसून राहतात. साबुदाण्याची खिचडी परत आल्यावर.

प्रथिनं दिवसाला १२५ ते १४० ग्रॅम, नाहीतर उतरलेल्या वजनात मांडीचाही वाटा जाईल. वरण-भातावर हे होत नाही, हे मुकाट्याने मान्य करा. कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम म्हणजे २६, पनीर १०० ग्रॅम म्हणजे १८, तीन अंडी १८, कोरडी मूग किंवा मसूर १०० ग्रॅम म्हणजे २४, दही पाव किलो म्हणजे ८-९. उरलेलं व्हे पावडरच्या एक-दोन स्कूपने भरा. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट प्रथिनांच्या खात्यात लिहितात, पण ३० ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम ८ आणि कॅलरी १७०.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, पाणी प्यायच्या आधी. आणि वॅट प्रति किलोसाठी सात दिवसांची सरासरी. लांब राईडनंतर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर कमी दाखवतो, ते पाणी आहे. एकदा फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी माणसाचं बी१२ कमी निघणं आपल्याकडे नेहमीचं आहे, आणि ते कमी असेल तर पसरणी_टॉप यांचा तक्ता कितीही चांगला असो, पाय जागचे हलणार नाहीत.

उतरणीला_ब्रेक

खूप आभार. दोन्ही तपासण्या केल्या.

केडन्सची: २०० वॅटला ६५ वर फरक १३, १०० वर १९. ॲप टॉर्क दाखवतं. क्रँक सरळ खाली, क्लीट बाहेर, तरी ०.९ न्यूटन-मीटर. शून्य केलं, ०.० आलं. मग आडवा रिकामा ०.३, २० किलो टांगून ३३.६. बोल्ट दोन्ही १३ वर आहेत. शून्यानंतर ट्रेनरशी तुलना: क्रँक २१३, ट्रेनर २१२.

याचा अर्थ स्लोप बरोबर आणि शून्य चुकीचा, असंच ना? पण आता चेनचे पाच वॅट कुठे गेले? आणि जुन्या राईड्स दुरुस्त कराव्यात का?

टॉर्क_रेंच

अगदी तसंच. ३३.६ वजा ०.३ म्हणजे ३३.३, हवे ३३.३५. स्लोपला हात लावू नका, काही ॲपमध्ये तो बदलायची सोय असते आणि लोक ट्रेनरशी जुळवण्यासाठी तो ओढतात. ०.९ न्यूटन-मीटर ९० केडन्सला, दुप्पट करून, १७ वॅट. तुमचा फरक तोच होता.

चेनचे पाच वॅट गेलेले नाहीत. डावा पाय ४९ टक्के काम करत असेल तर क्रँक खऱ्यापेक्षा २ टक्के कमी दाखवतो. ट्रेनर एक टक्का वर वाचत असेल तर उरलेलंही जुळतं. दोन मीटरमध्ये २ टक्क्यांच्या आतला फरक शोधत बसू नका, एका डाव्या क्रँकवर तो सापडत नाही. दोन्ही बाजूंचे पेडल कोणाकडून आठवडाभर मिळाले तर लावून बघा, पण पेडलच्या ॲपमध्ये क्रँकची लांबी १७० टाका. बहुतेकांत आधीपासून १७२.५ असते आणि त्याने दीड टक्का उगाच वाढतो.

जुन्या राईड्स तशाच राहू द्या. चूक केडन्सवर अवलंबून होती, एक आकडा वजा करून ती निघत नाही. फक्त जुने ‘सर्वोत्तम २० मिनिटं’ वगैरे ॲपमधून काढून टाका, नाहीतर ॲप महिनाभर म्हणत राहील की तुमची ताकद घसरली. नव्या टेस्टपर्यंत २११ धरा, म्हणजे २.७. सरावाच्या वॅटच्या पट्ट्या त्यावर लावा.

पुढे शून्य कधी करायचा: घरून निघताना एकदा, आणि थंडीत पायथ्याला पुन्हा. डिसेंबरात पहाटे १२ अंशांना निघून नऊ वाजता २६ अंशांत चढायला लागलात तर धातू फुगतो आणि शून्य हलतो. तुमच्या मीटरला तापमानाची भरपाई असेल, तरी थांबलाच आहात तर दहा सेकंद लागतात.

मडगार्ड_हवंच

मध्येच घुसतो. माझाही डाव्या क्रँकचा, पावसाळ्यात दरवर्षी सिग्नल जातो. सेल नवा टाकला तरी दोन दिवसांत ‘बॅटरी कमी’. मीटर गेला समजायचा का?

टॉर्क_रेंच

बहुधा नाही. झाकण उघडून रबरी ओ-रिंग बघा. चपटी किंवा चिरलेली असेल तर पाणी तिथून जातं. बदला आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पेट्रोलियम जेली नको, काही रबरं तिने फुगतात. संपर्काच्या पत्रीवर हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, पत्री हलकेच वर उचला. सीआर२०३२ घेताना मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप लावलेले सेल टाळा, तो लेप काही मीटरमध्ये संपर्क तोडतो आणि नवा सेलही रिकामा दाखवतो. असाच सेल हाताशी असेल तर कड आणि सपाट बाजू अल्कोहोलने पुसून बघा.

सायकल धुताना क्रँकवर प्रेशरचा पाइप धरू नका. आणि ओली सायकल घरात आणली की झाकण उघडून सेल बाहेर, रात्रभर कोरड्या जागी. सकाळी सेल टाकून शून्य, आकडा टिपून ठेवा. दोन-तीन दिवसांत तो मोठ्या उड्या मारत असेल तर पाणी झाकणातून नाही, गेजच्या (जोर मोजणाऱ्या पट्टीच्या) आवरणातून गेलंय, आणि मग तो वॉरंटीत पाठवायचा.